‘या वयात कशाला?’

काही महिन्यांपूर्वी राहुरी तालुक्यातील एका गावाहून निवृत्त प्राथमिक शिक्षिका आपल्या मुलीसह मला भेटावयास आल्या. वय चौऱ्याहत्तर, चालणे ताठ, आवाज अजूनही वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असा. काय त्रास होतो, असे विचारताच त्यांनी पदराखाली घेतलेले दोन्ही हात बाहेर काढून टेबलावर पालथे ठेवले.

“त्रास असा काही नाही, डॉक्टर. पण हे हात आता पाहवत नाहीत. नातीचं लग्न ठरलंय. कोणी फोटो काढायला लागलं की मी हात पदराखाली घेते.”

मुलीने मोबाइलवर एक जाहिरात दाखविली. एका सौंदर्यकेंद्रात हातांना आणि गालांना ‘कोलॅजन वाढविणारी’ इंजेक्शने देण्याचे शिबिर होते. लग्नसराईनिमित्त सवलत होती. आगाऊ रक्कम भरून झाली होती. आईची रक्त पातळ ठेवणारी गोळी त्या दिवशी चालेल का, एवढेच तिला विचारावयाचे होते.

वाचकहो, प्रामाणिकपणे सांगतो, “बाई, या वयात कशाला?” हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. आपल्याकडे ते किती सहज बोलले जाते! नवी साडी, दातांची कवळी, कानाचे यंत्र, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, कशाचाही विषय निघाला की कोणीतरी ते बोलतेच. मी ते बोललो असतो तर बाईंनी हात पुन्हा पदराखाली घेतले असते. मी ते गिळले आणि हात पाहू लागलो.

सुरकुत्या, तपकिरी डाग आणि वर आलेल्या शिरा दोन्ही हातांवर सारख्याच होत्या. त्या वयाच्या आणि उन्हाच्या. परंतु उजव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधल्या भागात खोल खळगा पडला होता; डाव्या हाताला तो नव्हता. वय दोन्ही हातांना सारखेच होते, मग खळगा एकाच हाताला का? मी करंगळी आणि अनामिका यांच्या बेचक्यात कागदाचा तुकडा धरावयास सांगितला. डाव्या हाताने तो घट्ट धरला. उजव्या हातातून तो अलगद निसटला. विचारल्यावर कळले की करंगळी वर्षभर बधिर आहे. “वयामुळे असेल,” म्हणून त्यांनी घरात कोणाला सांगितलेही नव्हते.

कोपराच्या आतल्या बाजूने एक मज्जातंतू हातात उतरतो. कोपर कशावर आपटला की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, त्या त्याच्याच. तो दीर्घकाळ दाबला गेला तर करंगळीची संवेदना कमी होते आणि पंजाचे छोटे स्नायू झिजतात. बाईंना रोज दुपारी टेबलावर कोपर टेकवून तासन् तास वाचण्याची सवय होती. असा हात दिसला की कुष्ठरोगाचीही शक्यता तपासावी लागते, कारण तो रोग याच मज्जातंतूवर आघात करतो. त्यावरील औषधे शासकीय आरोग्यकेंद्रात मोफत मिळतात, त्यामुळे त्याच्या नावाने घाबरण्याचे कारण नाही. बाईंच्या बाबतीत तो निघाला नाही. मात्र त्या खळग्यात इंजेक्शन भरले गेले असते, तर हात वरून भरलेला दिसला असता आणि आतला आजार झाकून वाढत राहिला असता.

आता ज्या इंजेक्शनासाठी त्या आल्या होत्या, त्याविषयी. आपल्या त्वचेच्या आतल्या जाड थरात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. खाटेच्या सुंभासारखे ते त्वचेला ताण देतात. वय वाढते तसे हे तंतू कमी होत जातात. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही घट अधिक वेगाने होते. ऊन, तंबाखू आणि अनियंत्रित मधुमेह तिला हातभार लावतात. त्वचेखालची चरबीही विरळ होते. मग हाताच्या पाठीवरच्या शिरा आणि कंडरा उठून दिसतात, गाल बसतात.

ही जागा भरून काढणारी इंजेक्शने ढोबळमानाने दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारात हायल्युरॉनिक अॅसिडची पाणी धरून ठेवणारी जेल असते. ती लगेच भराव करते आणि काही बिघडले तर विशिष्ट विकर टोचून ती विरघळविता येते. दुसरा प्रकार कोलॅजन वाढविणाऱ्या इंजेक्शनांचा. त्यांतील दोन पदार्थ प्रमुख आहेत: हाडांत व दातांत आढळणाऱ्या खनिजाच्या जातीचे कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइट आणि आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यांच्या कुळातले पॉलि-एल-लॅक्टिक अॅसिड. त्यांचे अतिसूक्ष्म कण त्वचेखाली सोडले की शरीर त्यांना परके मानून त्यांच्याभोवती नवे तंतू विणू लागते. म्हणजे जखम भरून काढण्याची शरीराची जी रीत, तीच येथे मुद्दाम आणि मोजून जागी केली जाते.

यातून दोन गोष्टी निघतात. शरीराची विणकाम करण्याची गती संथ असते, म्हणून पॉलि-एल-लॅक्टिक अॅसिडचा परिणाम आठवड्यांनी, महिन्यांनी दिसतो आणि त्यासाठी बहुधा अनेक बैठका लागतात. कॅल्शियमच्या इंजेक्शनातील जेलमुळे भराव लगेच दिसतो, पण खरे तंतू नंतरच येतात. हा परिणाम साधारण वर्ष ते दीड वर्ष टिकतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हे कण विरघळवून टाकणारे खात्रीचे औषध नाही. चूक झाली तर ती सहज पुसता येत नाही.

या औषधांचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. पॉलि-एल-लॅक्टिक अॅसिडला अमेरिकेत २००४ साली पहिली मान्यता मिळाली ती एचआयव्हीग्रस्तांच्या बसलेल्या गालांसाठी. सुरकुत्यांसाठीची मान्यता २००९ साली आली. कॅल्शियमच्या इंजेक्शनाला चेहऱ्यासाठी २००६ मध्ये आणि हाताच्या पाठीसाठी २०१५ मध्ये मान्यता मिळाली. २००४ हे वर्ष आपल्यासाठीही महत्त्वाचे आहे. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून भारत सरकारने एचआयव्हीची औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला आणि आरंभीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्या काळी वापरात असलेल्या स्टॅव्युडीन या औषधाने असंख्य जीव वाचविले. पण अनेकांच्या गालांतली चरबी नाहीशी झाली. माणूस वाचला, कामावर परतला, मात्र त्याच्या गालांचे खळगे पाहून गाव कुजबुजू लागे. नगर शहरात १९८९ पासून काम करणाऱ्या ‘स्नेहालय’सारख्या संस्थांनी ज्यांना जवळ केले, त्यांच्यासाठी लोकांची नजर हाही आजाराचाच एक भाग होता. अशा माणसाला “दिसण्याचे काय एवढे?” असे कोण विचारू शकेल?

पण उपाय म्हणून तेथेही गाल भरण्यापेक्षा कारण दूर करणे मोठे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये स्टॅव्युडीनचा वापर टप्प्याटप्प्याने थांबविण्याची शिफारस केली आणि पुढच्या रुग्णांचे गाल वाचले. आधी कारण, मग भराव, हाच क्रम घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीतही पाळावयाचा आहे.

आई-वडिलांचे गाल अलीकडे बसले असतील तर प्रथम तोंडात पाहा. दाढा पडल्या आहेत का? कवळी सैल झाल्याने ती डबीतच राहते का? दातांचा आधार गेला की गाल आत जातात. नीट बसणारी कवळी चेहरा भरते आणि भाकरीही चावू देते. दुसरे, वजन करा. बांगड्या सैल होणे, अंगठी गळून पडणे, परकराची नाडी अधिक आवळावी लागणे या खुणा घरातल्या माणसांनाच आधी दिसतात. मुद्दाम प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन शेकडा पाचाहून अधिक घटले असेल, तर मधुमेह, थायरॉईड, क्षयरोग, कर्करोग, नैराश्य यांपैकी काही नाही ना, याची तपासणी झालीच पाहिजे. हातांच्या बाबतीत दोन्ही हात शेजारी ठेवून पाहा. एकच हात रोडावला असेल, बोटे बधिर असतील, बटण लावताना किंवा सुईत दोरा ओवताना अडत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. हाताला पूर्वीची दुखापत वा आजार असलेल्या व्यक्तींमध्ये या इंजेक्शनांचा पुरेसा अभ्यासही झालेला नाही.

एवढे सर्व पाहून झाल्यावरही घरातल्या आजींना वा आजोबांना इंजेक्शन हवेच असेल, तर तो त्यांचा अधिकार आहे. मग घरच्यांनी पुढील गोष्टींची खात्री करावी.

इंजेक्शन देणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन असावी आणि तिची वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असावी. हे काम सौंदर्यकेंद्राचे नाही. आपल्या जिल्ह्यात लोणी आणि विळद घाट येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. निदान दुसरे मत घेण्यासाठी मुंबई-पुणे गाठण्याची गरज नाही.

औषधाचे खोके आपल्यासमोर उघडले जावे. त्यावरील नाव, तुकडी क्रमांक आणि मुदत यांची नोंद आपल्या फाइलमध्ये ठेवावी. कॅल्शियमचे कण एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये दिसतात. पुढे कधी अशी तपासणी झाली तर हीच नोंद डॉक्टरांचा गोंधळ टाळील.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीमुळे सुई टोचलेल्या जागी रक्त साकळण्याची शक्यता वाढते. तरीही ती गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये. ती ज्या हृदयरोगतज्ज्ञांनी दिली, त्यांनाच विचारावे. हातावरचा काळा-निळा डाग दोन आठवड्यांत जातो. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ते जिवावर बेतते. मधुमेह, संधिवाताची औषधे, जखमेचे वण जाड होण्याची प्रवृत्ती, अंगावर कोठेही चालू असलेला जंतुसंसर्ग, नुकतेच झालेले किंवा ठरलेले दातांचे काम, हे सर्व आधी सांगावे.

इंजेक्शनानंतर थोडी सूज, दुखरेपणा व काळे-निळे डाग अपेक्षित असतात. हाताला सूज असेतो काठी धरणे, भांडी उचलणे अवघड जाते, म्हणून घरात मदतीची व्यवस्था हवी. कधी कधी आठवड्यांनी, महिन्यांनी त्वचेखाली गाठी जाणवतात. औषध चुकून रक्तवाहिनीत गेले तर क्वचित त्वचेचा भाग मरतो, आणि चेहऱ्यावर दिलेल्या इंजेक्शनाने दृष्टी गेल्याची उदाहरणेही जगभर नोंदविली गेली आहेत. असह्य वेदना, त्वचा पांढरीफटक किंवा जाळीदार निळसर होणे, अंधुक दिसणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

खर्चाचा हिशेब एका बैठकीचा धरू नये. परिणाम ओसरला की पुन्हा इंजेक्शन, पुन्हा पैसे. आरोग्यविमा केवळ सौंदर्यासाठीच्या उपचारांचा खर्च देत नाही. निवृत्तिवेतनातून हे झेपेल का, हे ज्यांचे निवृत्तिवेतन त्यांनीच ठरवावे. लग्न तोंडावर असताना तर हे मुळीच करू नये. सूज उतरण्यास आणि परिणाम दिसण्यास वेळ लागतो, मुहूर्त थांबत नाही.

ज्यांना सुई नको, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. शेतात वा अंगणात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, उघड्या हातांना ऊनरोधक मलम, भांडी घासल्यावर ओलसर हातांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन, मिश्री-तंबाखू बंद. आहारात डाळी, दूध, अंडी. आणि आवळा, पेरू, लिंबू, कारण ‘क’ जीवनसत्त्वावाचून शरीराला कोलॅजन नीट घडविता येत नाही. गेलेले तारुण्य याने परत येत नाही. त्वचा मात्र कमी फाटते, कमी खाजते.

बाईंची हकिगत अर्धवट राहिली. मज्जातंतूच्या तपासणीत कोपराजवळचा दाब स्पष्ट झाला. वाचताना कोपराखाली मऊ उशी आली, रात्री हात सरळ ठेवणारी पट्टी आली, बोटांचे व्यायाम सुरू झाले. सौंदर्यकेंद्रात भरलेली आगाऊ रक्कम परत मिळाली नाही. परवा त्या दाखवावयास आल्या तेव्हा करंगळीचा बधिरपणा बराच उतरला होता. खळगा अजून आहे, आणि झिजलेला स्नायू पूर्ववत होईलच असे मी त्यांना सांगितलेले नाही.

त्यांनी लग्नातला एक फोटो दाखविला. नातीच्या मेंदीच्या हातावर त्यांचा उजवा हात ठेवलेला होता.

“इंजेक्शनाचा विचार मी सोडलेला नाही, बरं का,” जाताना त्या म्हणाल्या. “पण आधी कागद धरता येऊ दे.”

मी विचारले, “आणि येऊ लागला तर?”

“मग तुम्हालाच विचारायला येईन. तुम्ही निदान हात बघता.”