संकेतस्थळ आहे, हिशेब कुठे आहे?

महापालिकेने संकेतस्थळ उघडले की कारभार पारदर्शक झाला, असे आम्ही मानीत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ सांगते की, १७ बाबी कोणी न मागताही प्रसिद्ध केल्या पाहिजेत. त्यात अंदाजपत्रक येते, अनुदान योजनांचे लाभार्थीही येतात. हेच कलम स्थानिक भाषा, सूचना फलक आणि जाहीर घोषणा यांचाही उल्लेख करते. मग पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या सफाई कामगाराने आपल्या वस्तीच्या निधीचा हिशेब पडद्यावरच का शोधायचा? तो समाजमंदिरासमोर मराठीत लागला पाहिजे. जे न मागता मिळायला हवे, तेही आपल्याला मागावेच लागते. म्हणून कार्यकर्त्यांनो, एकेकट्याने नव्हे, वस्ती घेऊन प्रभाग कार्यालयात जा!