रविवारची सुटी कुणी दिली?

रविवारची सुटी सरकारनं दिली, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. पोटासाठी गाव सोडून आलेली माणसं ती. साडेपाच हजार सह्यांनिशी मागणी लिहून दिली. मालक हलले नाहीत. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले. दोन बायाही बोलल्या. जूनमध्ये सुटी मिळाली. सहा वर्षं लागली!

रावेरच्या जंगलपाड्यांत आम्ही वनहक्काचे दावे टाकलेत. दावा फेटाळला म्हणून आपण घरी बसायचं नाही. लेखी निर्णय मागायचा, ६० दिवसांत अपील करायचं, पोच घ्यायची. आणि कचेरीत एकट्यानं नाही, सगळा पाडा मिळून जायचं. बायांनी पुढं राहायचं.