मावशींची साडेचार किलो चिल्लर

मंडळी, आज पोस्ट जरा लांब आहे. नगरपालिकेचं नाही, पुढाऱ्यांचंही नाही. चिल्लरीचं आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

देवळाच्या पायरीशी हारफुलं विकणाऱ्या मावशी आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहेत. नाव टाकत नाही, त्यांना आवडणार नाही. गेल्या महिन्यात सकाळी मी तिथनं जात होतो, तर हाक मारली. "पेपरवाले भाऊ, जरा इकडं या." टोपल्याखालनं एक पिशवी काढली, खताच्या गोणीचं कापड शिवून केलेली. उचलायला गेलो तर हातच खाली गेला. आत सगळी दहाची नाणी. मावशींच्या हिशोबानं सहाशे, म्हणजे सहा हजार रुपये. दहाचं एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे पिशवी साडेचार किलोच्या वर.

नातीचं अकरावीचं ॲडमिशन होतं. फी आणि वह्यापुस्तकं. त्यासाठीच साठवलेले पैसे. आणि हे पैसे गावात कुणी घेईना.

मी विचारलं, मावशी, पण नाण्यात का साठवलं? नोटा ठेवायच्या. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी गप्प झालो. २०१६ साली नोटा बंद झाल्या तेव्हा मावशींच्या तांदळाच्या डब्यात पाचशेच्या काही नोटा होत्या. त्या बदलायला लायनीत दोन दिवस गेले, वर पोरानं विचारलं ते वेगळंच, की आई, हे पैसे आले कुठनं? तेव्हा मावशींनी मनाशी ठरवलं, आता कागद साठवायचा नाही. नोट बंद होते, नाणं कोण बंद करतंय?

हिशोब चुकीचा नव्हता हो. सरकारनं खरंच नाणं बंद केलेलं नाही. बंद केलं ते आपण. आपल्या गावानं.

दहाचं नाणं पुण्यात चालतं, मुंबईत चालतं. रिक्षावाला घेतो, वडापाववाला घेतो. घाट उतरून आपल्याकडं आलं की त्याची किंमत शून्य. बाहेरगावचे गाडीवाले देवळात येतात, मावशींकडनं दहाचा हार घेतात आणि नाणं टेकवून जातात. नाही म्हणावं तर गिऱ्हाईक जातं. घ्यावं तर पुढं कुणी घेत नाही. दुधवाला नाही, किराणावाला नाही, गावातला रिक्षावाला नाही. मग ते जातं पिशवीत.

हे सुरू कसं झालं ते सांगतो, कारण त्यात माझाही हात आहे. नोटाबंदीच्या त्या दिवसांत अफवा उठली की दहाच्या नाण्यात खरं-खोटं आहे. रुपयाचं नवं चिन्ह असलेलं खरं, नसलेलं खोटं. दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं. कुणी म्हणे सगळंच बंद झालंय. त्या वेळी मी एका दैनिकाला बातम्या द्यायचो. मी बातमी दिली. मथळा होता, 'दहाचे नाणे बंद?' शेवटी प्रश्नचिन्ह. आम्हा पत्रकारांची ही जुनी पळवाट, प्रश्नचिन्ह टाकलं की जबाबदारी संपली. आत चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं की बँकेनं असं काही नसल्याचं सांगितलं. चौथा परिच्छेद कोण वाचतो? दुकानदारांनी मथळा वाचला. दुसऱ्या दिवशी बाजारात नाणं अडलं.

खुलासा नंतर आला नाही असं नाही. रिझर्व्ह बँकेनं २०१६ च्या नोव्हेंबरात सांगितलं, पुन्हा १७ जानेवारी २०१८ ला पत्रक काढलं. त्यात स्पष्ट म्हटलंय की दहाची नाणी वेगवेगळ्या वेळी १४ प्रकारच्या छापांत निघाली आणि १४ च्या १४ चालतात. चिन्ह २०११ साली नाण्यावर आलं, त्याआधीच्या नाण्यावर ते असणार कसं? एवढी साधी गोष्ट. पण त्या पत्रकाची बातमी आतल्या पानावर, जाहिरातीच्या खाली. अफवेला पहिलं पान आणि खुलाशाला बोटभर जागा. ते पाप आमच्या धंद्याचं आहे, मान्य करतो.

तर मावशी. आधी त्या एका किराणा व्यापाऱ्याकडं गेल्या. तो म्हणाला, घेतो, पण शंभराला पंच्याऐंशी. सहा हजारांवर नऊशे रुपये कमिशन. नऊशे म्हणजे दहाचे नव्वद हार. पहाटे चारला उठून ओवलेले. आणि गंमत म्हणजे हाच व्यापारी ती नाणी शहरात नेऊन घाऊक दुकानात पूर्ण किमतीला खपवतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल, एकेकाळी उलटं होतं. सुट्टे मिळायचे नाहीत. शंभरची नोट द्यायची आणि नव्वदची चिल्लर घ्यायची, देवळाबाहेर बसणाऱ्यांकडनं. एसटीत कंडक्टर तिकिटाच्या मागं बाकी लिहून द्यायचा. दुकानात रुपया परत मागितला की हातावर गोळी-चॉकलेट. आमच्या घरी एका बरणीत अशी चॉकलेटं साठली होती, ती परत नेऊन दिली तर दुकानदार घेईना! म्हणजे टंचाई असली तरी कमिशन गरिबानं द्यायचं आणि ढीग असला तरी गरिबानंच.

मग मावशी बँकेत गेल्या. कुठल्या ते लिहीत नाही, कारण दुसऱ्या बँकेत वेगळं काही घडलं असतं असं मला वाटत नाही. पहिल्यांदा खिडकीवरनं सांगितलं, "हे चालत नाही." दुसऱ्यांदा, "मोजायला माणूस नाही, सोमवारी या." सोमवारी गेल्या तर, "आज गर्दी आहे." तीन हेलपाटे, तीन दिवस अर्धा धंदा बुडाला. चौथ्यांदा मला सोबत घेतलं.

जाण्याआधी मी जरा वाचलं. ते तुम्हालाही सांगतो, उपयोगी पडेल.

२०११ चा नाणे कायदा आहे. त्याच्या कलम ६ प्रमाणे रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंत वैध चलन आहेत, पन्नास पैशांची दहा रुपयांपर्यंत. म्हणजे कुणी म्हणालं की मी मोटारसायकलची पूर्ण किंमत चिल्लरीत देतो, तर दुकानदार कायद्यानं नाही म्हणू शकतो. (तमिळनाडूत सेलमच्या एका तरुणानं २०२२ साली एक-एक रुपयाची नाणी साठवून अडीच लाखांच्या वरची गाडी घेतली होती. शोरूमवाल्यांनी रात्रीपर्यंत बसून मोजली. त्यांची हौस म्हणा.) पण बँकेत भरताना ही हजाराची मर्यादा आडवी येत नाही. खात्यात कितीही नाणी भरून घ्यायला बँक मोकळी आहे, हे रिझर्व्ह बँकेनंच सांगितलंय. आणि कुठल्याच शाखेनं नाणी नाकारू नयेत, मग बदलून द्यायची असोत की खात्यात भरायची, अशी तिची वेळोवेळीची सूचना आहे. शंभर-शंभर नाण्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या करून आणल्या तर दोघांनाही सोपं, हेही त्यात आहे.

म्हणून आदल्या संध्याकाळी पायरीवर बसून आम्ही शंभराच्या पिशव्या केल्या. मावशी, त्यांची नात आणि मी. मावशी वीस-वीसच्या चळती लावत होत्या. शेवटची पिशवी अठ्ठ्याण्णववर अडली. दोन नाणी कुठं गेली म्हणून मावशींनी गोणीची पिशवी दोनदा झाडली, टोपली उलटी केली. नात हसायला लागली तर तिच्यावर ओरडल्या. "हसतीस काय, वीस रुपये हायेत."

बँकेत खिडकीवर पुन्हा तेच. मी एवढंच म्हणालो, "घेत नाही असं लिहून द्या." आवाज चढवला नाही, मोबाईल काढला नाही. दोन मिनिटांत मॅनेजर बाहेर आले, मावशींना केबिनमध्ये बसवलं. दहा मिनिटांत मोजून भरणा झाला. ५,९८० रुपये, शिक्का मारलेली पावती. नातीची फी दुसऱ्याच दिवशी भरली.

आता कुणी म्हणेल, मग झालं की. नाही झालं. पत्रकार सोबत होता म्हणून झालं. गावात अशा किती मावशी असतील, प्रत्येकीबरोबर मी जाणार का?

मॅनेजरचीही बाजू ऐका, कारण माणूस वाईट नाही. म्हणाले, माझ्याकडं एक कॅशियर, नाणी मोजायचं मशीन नाही. आज मावशींची घेतली, उद्या पेट्रोलपंपवाला आणि पानटपरीवाला पोती घेऊन येतील. घेतली तरी मी द्यायची कुणाला? तिजोरीत जागा नाही. वर पाठवतो म्हटलं तर वरचेही म्हणतात आमच्याकडं जागा नाही. व्यापाऱ्याला सुट्टे म्हणून देऊ केली तर तो हात मागं घेतो.

हे खोटं नाही. २०१८ च्या जानेवारीत सरकारी टांकसाळींनी काही दिवस नाणी पाडायचीच थांबवली होती, कारण गोदामं भरली होती. २०२३ साली शिर्डीत साईबाबांच्या पेटीत येणारी नाणी ठेवायला जागा नाही म्हणून तिथल्या काही बँकांनी हात वर केले होते. जिथं साईबाबांची चिल्लर अडते तिथं आमच्या मावशींची काय कथा!

आणि ह्याच २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं काय जाहीर केलं? बारा शहरांत मशीन लावणार. मोबाईलवर क्यूआर स्कॅन करा, नाणी बाहेर पडतील. म्हणजे शहरात नाणी देणारं मशीन आणि आपल्याकडं नाणी घेणारा माणूस नाही. बँकांना नाणी वाटल्याबद्दल थैलीमागं पैसे मिळतात, २०२१ च्या सप्टेंबरपासून ते २५ वरून ६५ रुपये केले, ग्रामीण भागाला आणखी १० जास्त. वाटायला बक्षीस आहे. पण बाईनं चार किलो उचलून आणली ती घेतल्याबद्दल शाखेच्या पदरात काय? डोकेदुखी. मग खिडकीवरचा पोरगा 'सोमवारी या' म्हणणारच. माझ्या मते घोळ इथं आहे. गोळा करायलाही पैसे द्या, तालुक्याला एक मोजायचं मशीन द्या, बघा नाणी कशी फिरतात.

काहीजण म्हणतील, आता सगळं फोनपेवर आहे, चिल्लर कशाला हवी? मावशींकडं बटणांचा फोन आहे. क्यूआरची पाटी नातीनं लावून दिली होती, पैसे आले की नाही हे कळेना म्हणून काढून टाकली. आणि खरं सांगू का, मोबाईलवर आलेला पैसा घरात सगळ्यांना दिसतो. तांदळाच्या डब्यातला दिसत नाही. आपल्या आया-आज्यांनी जे काही मागं टाकलं ते असंच टाकलंय.

मला काय हवं ते सांगतो. बँकांनी आठवड्यात एक ठरलेला दिवस नाणी घ्यावीत आणि तशी पाटी दाराला लावावी. बाजाराचा दिवस सोडून, म्हणजे त्यांनाही ताण नको. व्यापारी संघानं ठराव करावा की दहाचं नाणं गावात चालेल. सगळ्यांनी एकाच दिवशी सुरुवात केली तरच हे होणार आहे, एकट्यानं घेतलं तर एकट्याच्याच गल्ल्यात साठतं, दुकानदारांची ही अडचण खरी आहे. व्हॉट्सअपवर ते नाणं नाकारलं तर राजद्रोह वगैरे फिरवू नका. भाजीवालीला जेलची भीती घालून नाणं चालत नसतं. शंका असेल तर १४४४० ला फोन लावा, रिझर्व्ह बँकेकडनंच माहिती मिळते. बँक ऐकत नसेल तर आधी बँकेकडं लेखी तक्रार द्या, पोच घ्या, तीस दिवसांत काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. फी लागत नाही. अर्ज लिहायला अडचण असेल तर माझ्याकडं या, मी लिहून देतो.

काल व्यापारी संघाच्या अध्यक्षांना भेटलो. म्हणाले, बैठकीत विषय घेतो. बैठक कधी, तर बघू म्हणाले.

तोवर मी एक करतोय. मावशींकडनं पन्नास नाणी घेतलीत, पाचशेची नोट देऊन. (पिशवी रिकामी झाली म्हणून साठायचं थोडंच थांबतं.) येत्या बाजारच्या दिवशी ती घेऊन मी भाजी, किराणा, चहा, सगळं त्यातनं घ्यायचा प्रयत्न करणार आहे. कुणी किती घेतली ते संध्याकाळी इथंच लिहितो. ज्यांनी घेतली त्यांची नावं टाकेन, ज्यांनी नाकारली त्यांची टाकणार नाही. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी सकाळी नऊला स्टँडवर या. नाणी मात्र आपापली आणा.

आणि हो, त्या पायरीवर कुणाला दहाची दोन नाणी सापडली असतील तर मावशींना नेऊन द्या. अजून शोधतायत.