जुने ते सोने? आधी कस लावा!

मांजरसुंब्याच्या चौकात, धुळे-सोलापूर महामार्गाच्या कडेला चहा पिताना भाचा म्हणाला, "मामा, कोकणात कॉन्टेसा मिळतेय. ५० हजारांत!" खिशात कापसाचे पैसे होते आणि मृगाची पेरणी तोंडावर.

गाडी स्वस्तात घ्यावी, मग सवडीने सजवावी, असे शौकीन मंडळी सांगतात. मला हे साफ नामंजूर आहे. ज्याची थैली लहान, त्याला स्वस्त सांगाडा परवडत नाही. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येते. पण खाऱ्या हवेने तळाचा पत्रा खाल्ला, तर गाडीचा कणाच गेला, कारण या गाड्यांना वेगळी चासी नसते. शिवाय कागद! १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. आरसी बुक नसलेली गाडी म्हणजे अंगणातले लोखंड.

कॉन्टेसा बंगालमध्ये उत्तरपाड्याला १९८४ ते २००२ या काळात बनली. देखणी खरी, पण तिच्या काचा-दिवे शोधता शोधता माणूस थकतो. कुर्ल्याची पद्मिनी मात्र २०२३ पर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावली. तिचे सुटे भाग आणि ते बसवणारे हात अजून सापडतात.

"पण मामा, तिला रुबाब कुठाय?"

रुबाब चालत्या गाडीला असतो, ताडपत्रीखालच्या नव्हे. मी अशीच एक 'स्वस्त' गाडी नऊ वर्षे ताडपत्रीखाली ठेवून शेवटी भंगारात वजनावर विकली आहे.

बाबा रे, आधी पत्रा ठोकून बघ, मग कागद वाच; नाव सर्वांत शेवटी.