धबधब्याची मैफल

पावसाळा लागला की धबधब्यांना बहर येतो आणि त्यांच्यामागोमाग छायाचित्रे काढणाऱ्यांनाही. मंचेरियलच्या पश्चिमेस, जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या अरण्यात, कडेम नदी कुंतला येथे सुमारे ४५ मीटर खाली कोसळते. पायथ्याशी जाण्यास शेकडो पायऱ्या, जवळच शंकराचे स्थान, आणि सुट्टीच्या दिवशी माणसांची दाटी. निसरडे खडक आणि खोल डोह यांनी तेथे आजवर अनेकांचे बळी घेतले आहेत. अशा ठिकाणी पहारा आणि कठडे हवेत, याविषयी दुमत नसावे.

परंतु निर्बंध म्हटले की छायाचित्रकार कुरकुरतो. त्याला विचारावेसे वाटते, चित्र धबधब्याचे हवे की धबधब्यापुढे उभ्या असलेल्या आपले? पाणी रेशमासारखे वाहते दिसावे, तर कॅमेऱ्याचा पडदा अर्धा सेकंद तरी उघडा ठेवावा लागतो. त्याला तिवई लागते, स्थिरपणा लागतो. विलंबित लयीला जशी पक्की बैठक, तसेच हे. आणि सबंध धबधबा चौकटीत मावतो तो दुरूनच; तुषारही भिंगावर येत नाहीत. म्हणजे कठड्याने चित्र बिघडत नाही, बिघडते ती फक्त हौस.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुलै २०२३ मध्ये गोव्यात मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले, आणि वन खात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यासच बंदी केली. त्याच महिन्यात ३१० मीटर उंचीच्या दूधसागराकडे लोहमार्गावरून चालत निघालेल्यांना पोलिसांनी उठाबशा काढावयास लावल्या. रुळांवरून चालणे चूकच. पण उठाबशांनी रसिकता शिकवता येते काय?

माझे वडील दरबारी गवई. त्यांचे गाणे कोणी ऐकावे हे राजाची मर्जी ठरवी. संस्थाने गेली, गाणे नाट्यगृहांत आणि गायनसंस्थांत आले, तिकिटाला पैसे असणारा कोणीही श्रोता झाला. तेव्हा काही दरवाजे पुन्हा बंद करण्यात आले नाहीत. श्रोत्यांना हळूहळू वळण लागले: षड्ज लागत असता उठू नये, मध्येच बोलू नये, जागा नसेल तर मागे उभे राहावे. हे वळण दंडाने नव्हे, शेजाऱ्याकडे पाहून लागले.

धबधबा हीदेखील सर्वांची मैफल आहे. तेथे रोज किती माणसे सोडावयाची याची मर्यादा असावी. पाणी वाढले की त्या दिवसापुरता मार्ग बंद व्हावा आणि ओसरल्यावर उघडावा. पाहण्याची जागा उंचावर, सुरक्षित बांधावी; तिच्या देखरेखीचे काम आसपासच्या गावांतील माणसांना द्यावे, कारण नदीचा स्वभाव त्यांना ठाऊक असतो. कवाल हे २०१२ पासून व्याघ्र प्रकल्प झाले आहे. तेथील वाटांवर आपण पाहुणे आहोत, हेही विसरू नये.

सरसकट बंदी सोपी असते, कारण तिला पहारेकरी एकच पुरतो. शिस्त लावणे कठीण, तिला वर्षे लागतात. पण कुलूप लावलेल्या धबधब्याकडे पाहून कोणाचीही पुढची पिढी त्याची राखण करण्यास पुढे येणार नाही.