तांबीचा हिशेब

दौंड तालुक्यातील राहू बेट हा मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या कुशीतील उसाचा मुलूख. हंगामात येथील फडांत बाहेरगावच्या तोडणी टोळ्या उतरतात. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बायकोने खाडा केला की जोडीची मजुरी बुडते. अशा स्त्रीला सरकारी दवाखान्यात मोफत तांबी बसविली जाते, तेव्हा ती खरोखरच मोफत असते काय, हा प्रश्न अर्थशास्त्राने विचारावयास हवा.

तांबी हे साधन वाईट आहे, असे मुळीच नाही. ३८० ए या प्रकारची तांबी दहा वर्षे संरक्षण देते आणि काढल्यावर पुन्हा गर्भधारणा होऊ शकते. परंतु तिच्यामुळे पाळीचा रक्तस्राव वाढतो, विशेषतः पहिले तीन ते सहा महिने. सामान्य पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते; तांबीनंतर ते कित्येकींच्या बाबतीत दीडपटीपर्यंत जाते. एका मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे दरमहा किती तूट येते ते कळेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. जिच्या गाठीशी शिल्लकच नाही, तिच्या खात्यावर ही नवी उचल पडते.

हा धडा आपल्याला नवा नाही. १९६५ साली सरकारने मोठ्या अपेक्षेने ‘लूप’ आणला. उद्दिष्टांचे आकडे भरण्याची घाई झाली. रक्तस्रावाची पूर्वकल्पना देणे आणि नंतरची तपासणी करणे मागे पडले. अफवा पसरल्या, लूप काढून घेतले गेले आणि कार्यक्रम कोसळला. २०१९-२१ च्या पाहणीतही विवाहित स्त्रियांपैकी अवघ्या २.१ टक्के या साधनाचा वापर करीत होत्या, ३७.९ टक्के मात्र शस्त्रक्रियेवर विसंबत होत्या.

उपाय अवघड नाहीत. तांबी बसविण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासावे. स्राव वाढेल, हे स्पष्ट सांगावे. लोहाच्या गोळ्या द्याव्यात. पहिल्या पाळीनंतर पुन्हा बोलवावे. बहुतेकींचा त्रास औषधाने आटोक्यात येतो. स्राव थांबतच नसेल, तर अन्य कारण शोधावे आणि स्त्रीने मागताच तांबी काढावी. संप्रेरकयुक्त साधनाने उलट स्राव घटतो. ते महाग आहे, पण रक्तक्षयी स्त्रीसाठी तो पर्याय खुला असावा. आणि टोळी गाव सोडून पुढच्या फडाकडे निघाली, तरी तपासणीचे कार्ड तिच्याबरोबर जाऊन पुढच्या दवाखान्यात चालले पाहिजे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. पाळीचा त्रास आणि बुडणारी मजुरी यांच्या कात्रीत सापडलेली स्त्री कोणत्या टोकाला जाते, हे त्यावेळी महाराष्ट्राने पाहिले. कुटुंबनियोजनाचा खर्च सरकारी तिजोरीतून भागावा; तो गरीब स्त्रीच्या रक्तातून वसूल होऊ नये.