पाच आठवड्यांचा मुक्काम

शौचावाटे रक्त जाऊ लागले की आपल्याकडे पहिले निदान घरातच होते : मूळव्याध. पुष्कळदा ते बरोबरही ठरते. परंतु मोठ्या आतड्याच्या अखेरच्या सुमारे १५ सेंटीमीटर भागाचा, म्हणजे गुदाशयाचा, कर्करोगही याच लक्षणाने प्रकट होऊ शकतो. डॉक्टरांनी बोटाने केलेली मिनिटभराची तपासणी अनेकदा ही गाठ उघडकीस आणते. संकोचापायी, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, तीच टळते आणि मलमे-चूर्णांत महिने निघून जातात.

या रोगाच्या उपचारांची दिशा आज पुरेशी स्पष्ट आहे. गुदाशय भोवतीच्या चरबीच्या आवरणासह अखंड काढण्याची पद्धत इंग्लंडमधील शल्यविशारद बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडली. रोग आसपास पसरू लागला असल्यास किरणोपचार व औषधे शस्त्रक्रियेनंतर न देता आधीच द्यावीत, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासाने दाखवून दिले. पाच वर्षांत त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण नंतर उपचार घेणाऱ्यांत १३ टक्के, तर आधी घेणाऱ्यांत ६ टक्के आढळले. म्हणून प्रथम एमआरआय, मग गरजेनुसार किरणोपचार व केमोथेरपी आणि त्यानंतर अनुभवी हातांनी शस्त्रक्रिया, असा क्रम तज्ज्ञ सांगतात.

परंतु हा क्रम प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. किरणोपचाराची यंत्रे प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. नेहमीचा किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, असा सुमारे पाच आठवडे चालतो. रोजचा उपचार काही मिनिटांचाच. पण गडचिरोली वा नंदुरबारच्या दुर्गम गावातील मजुराला त्यासाठी शहरात मुक्काम करावा लागतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेमुळे रुग्णालयाच्या खर्चाचा मोठा भार हलका होतो. खोलीचे भाडे, सोबत्याचे जेवण आणि बुडालेली मजुरी मात्र कुटुंबाच्याच माथी राहते. मग कोणी उपचार अर्ध्यावर सोडतो, तर कोणी एमआरआयविनाच जवळच्या गावी शस्त्रक्रिया उरकून घेतो. चुकलेला क्रम पुढे पूर्णपणे भरून काढता येत नाही.

काही रुग्णांना पाच दिवसांचा किरणोपचारही चालतो. स्वीडनमधील १९९७ च्या अभ्यासाने त्याची उपयुक्तता सिद्ध केली. तो कोणास योग्य हे तज्ज्ञच ठरवतील. दुरून येणाऱ्याने पहिल्याच भेटीत त्याविषयी अवश्य विचारावे.

मालाची किंमत धरताना व्यापारी माणूस वाहतूक आणि हमाली विसरत नाही. रुग्णाला मदत करताना मात्र आपण शस्त्रक्रियेचे बिल तेवढे पाहतो. आपल्या पेढीवरील मुनीम वा हमाल या आजाराने गाठला गेला, तर त्याला पाच आठवड्यांची पगारी रजा आणि शहरात राहण्यापुरती एक खोली मिळवून देणे, हे बिलाइतकेच मोलाचे साहाय्य आहे. कित्येकदा उपचार पुरा होणे वा अर्ध्यावर तुटणे एवढ्यावरच अवलंबून असते.